नऊने भागून पाहा

कवी म्हणजे शांत माणूस, असा लोकांचा समज असतो. माझ्या बाबतीत तो कसा खोटा ठरला, ते आज सांगणार आहे.

बी.ए. झाल्यावर मी पुण्यात एका पतसंस्थेत कारकुनी करत होतो. हिशेब तेव्हा हातानेच लिहिला जाई. ३१ मार्चची संध्याकाळ. वहीप्रमाणे हवी त्यापेक्षा रोकड १,८०० रुपयांनी कमी भरली. साहेब दर पाच मिनिटांनी डोकावत होते. मी तीच बेरीज चार वेळा केली. घाम तेवढा वाढला. शेवटी सगळ्यांसमोर रोखपालांना म्हणालो, "पैसे तुमच्या ताब्यात होते, तुम्हीच सांगा."

निवृत्तीला आलेले गृहस्थ. चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. चष्मा पुसत म्हणाले, "कविराज, तो फरक आधी नऊने भागा बघू."

भाग गेला. शेजारचे दोन अंक उलटसुलट लिहिले गेले, की फरकाला नऊने भाग जातोच. जुन्या कारकुनांची ही युक्ती. आता सगळी वही चाळायची गरज नव्हती, उलटलेले अंक तेवढे शोधायचे. दहा मिनिटांत सापडले. ४६,८०० ची पावती वहीत ४८,६०० झाली होती. अक्षर माझं होतं.

रात्री मान खाली घालून अब्बांना सगळं सांगितलं. अब्बा कसबा पेठेत बाइंडिंगचं काम करत. १९६१ चा पूर त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बेटा, पानशेतच्या जवानांनी काय केलं, ठाऊक आहे ना?"

धरणाचं काम पुरं झालेलं नव्हतं आणि मातीचा बांध खचू लागला होता. लष्कराच्या जवानांनी रात्रभर त्यावर वाळूची पोती रचली. १२ जुलैच्या सकाळी बांध फुटलाच. मागोमाग खडकवासलाही फुटलं. माणसं गेली, पेठा बुडाल्या. "धरण काही वाचलं नाही," अब्बा म्हणाले, "पण रात्र निभावली. पाणी दिवसाउजेडी आलं, म्हणून आम्हाला पळता आलं. अंधारात आलं असतं, तर तू हे सांगायला नसतास."

त्या जवानांपुढे अख्खं धरण होतं, पण हातात एकच पोतं होतं. ते ठेवायचं, मग दुसरं उचलायचं. रोखपालांनीही तेच केलं. शांतपणा हा स्वभावच असावा लागतो असं नाही. डोंगराएवढ्या कामातून या घडीला हाताला येईल तेवढा तुकडा वेगळा काढता आला, की मन आपोआप थाऱ्यावर येतं. मला तो काढता आला नाही, म्हणून मी माणूस शोधला, दोष द्यायला.

दुसऱ्या दिवशी रोखपालांची माफी मागितली. सगळ्यांसमोरच, कारण आरोपही सगळ्यांसमोर केला होता. ते म्हणाले, "बसा. चहा सांगितलाय."

आजही काम अंगावर आलं, की मी आधी हात थांबवतो आणि मनात म्हणतो, नऊने भागून पाहा.