फुलं सरली, पात राहू द्या
(रेडिओवरील भाषण)



दसरा तोंडावर आला आहे. घरोघरी आता झाडलोट सुरू होईल. जाळी-जळमटं निघतील, अंथरुणं-पांघरुणं धुवून वाळत पडतील, भिंतींना चुना लागेल, आणि घर आवरून झालं की हात अंगणाकडे वळतील. महालक्ष्म्यांच्या वेळी ज्या निशिगंधानं दांड्यामागून दांडे दिले, त्याची पात आता लांबून वाकलेली, विस्कटलेली दिसते. उन्हाळ्याच्या शेवटी लालभडक गोळा उभा करणाऱ्या फुटबॉल लिलीची नुसती रुंद पानं उरलेली असतात. फुलाचा पत्ता नाही आणि पसारा मात्र आहे, असं वाटून कुणीतरी विळा घेतं आणि सगळं सपासप कापून टाकतं. अंगण त्या दिवशी मोकळं, छान दिसतं. पुढच्या वर्षी त्याच जागी पानंच पानं येतात, फूल धरत नाही. मग घरात म्हणतात, जमीन मानवली नाही, नाहीतर कंदच वांझ निघाला.

कंदाचा त्यात काही दोष नसतो. आपण त्याला उपाशी ठेवलेलं असतं.

मी जऊळक्यात राहते. अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरचं, वाशिम जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातलं हे गाव. वावरात सोयाबीन आणि तूर, ज्याच्याकडे ओलिताची सोय त्याच्याकडे हळद, कांदा. आता सांगा, हळदीचा पाला हिरवागार असताना तो कापायला कुणी धजेल का? जानेवारी-फेब्रुवारीत पाला पिवळा पडून वाळायला लागतो, तेव्हा आपण पाणी तोडतो, मग पाला कापतो आणि मग कुदळ लावतो. कांद्याचंही तेच. निम्म्या पिकाच्या माना पडल्या की पाणी बंद, आणि काढलेला कांदा पातीसकट वावरातच सुकू द्यायचा, म्हणजे पातीतला उरलासुरला रस खाली उतरतो. हे आपल्याला शिकवावं लागत नाही. पण वावरात डोळे झाकून पाळला जाणारा हा नियम उंबऱ्याच्या आत आला की सुटतो. हळद विकायची असते म्हणून तिच्या पाल्याला मान, आणि अंगणातलं फूल शोभेचं म्हणून त्याच्या पातीची किंमत नाही, असं होऊ नये यासाठी मी आज बोलते आहे.

घरात एक कांदा घ्या आणि उभा चिरून पाहा. तळाशी, मुळांच्या जरा वर, एक पातळ, टणक चकती दिसेल. तेच कांद्याचं खोड. त्या चकतीवर एकाला एक बिलगून बसलेले पापुद्रे ही पानांचीच बुडं आहेत, अन्न साठवून जाड झालेली. आणि ऐन मध्ये पिवळट-हिरवा कोंब दडलेला असतो. निशिगंध आणि अमरिलिस यांच्या कंदांची घडणही साधारण अशीच. कंद ही कणगी आहे आणि ती भरण्याचं काम वरची हिरवी पात उन्हात उभी राहून करते. फुलाचा दांडा उभा करायला कंदानं आपला साठा खर्च केलेला असतो. तो भरून निघतो फूल ओसरल्यानंतरच्या दिवसांत. अमरिलिस, म्हणजे आपण जिला नुसती 'लिली' म्हणतो ती मोठ्या कर्ण्यांची, तिचा हिशेब तर फार नेमका आहे. साधारण चार पानं निघाली की कंदाच्या पोटात एक तुरा धरतो, आणि तो वर येतो पुढच्या हंगामात. पानं अशक्त राहिली किंवा कापली गेली, तर तो तुरा आतल्या आत वाळतो. आपल्याला कळतही नाही की काही होतं आणि ते गेलं.

तेव्हा फूल सुकल्यावर काय करायचं? सुकलेली फुलं खुडा, आणि फुलामागं बोंड धरत असेल तर तेही काढा, कारण बी पोसण्यात कंदाची ताकद जाते. अमरिलिसचा दांडा हिरवा असेपर्यंत ठेवला तर तोही पानांसारखंच काम करतो. पिवळा पडला की कापा. निशिगंधाचा दांडा शेवटची कळी उमलून गेल्यावर बुडातून काढला तरी चालतो. पानाला मात्र हात लावायचा नाही. काहीजण पात नीटनेटकी दिसावी म्हणून तिच्या गाठी मारतात, वेणी घालतात. त्यानं पानं एकमेकांच्या सावलीत जातात आणि काम अर्धं होतं. वाकली तर वाकू द्या. जिथं फारच पसारा दिसतो तिथं पुढच्या बाजूला झेंडू लावा, दसऱ्याला तोही लागतोच.

फुलं येत असतानापेक्षा फुलं गेल्यावर खत द्यावं. चांगलं कुजलेलं शेणखत बुडाशी ओंजळभर पुरतं. कच्चं शेण नको, त्यात हुमणीच्या अळ्या येतात आणि त्या मुळांवर, कंदांवर तुटून पडतात. युरियाही नको. त्यानं पात माजते, कंद पोचट राहतो आणि पहिल्याच ओलीत सडतो. चुलीतली राख टाकायची आपल्याकडे रीत आहे. राखेत पालाश असतं, म्हणून ती कंदाला गुणकारी हे खरं, पण आपली काळी जमीन मुळातच विम्लतेकडे झुकलेली आणि राख तिला आणखी तिकडेच ढकलते. तेव्हा चिमूट-दोन चिमूट टाका, घमेलंभर नको. मातीचा नमुना तपासून घ्यायचा असेल तर रिसोड तालुक्यात करड्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे. पिकाबरोबर अंगणाबद्दलही तिथं विचारावं, त्यात संकोच कशाला?

आता काळ्या मातीचं सांगते, कारण आपल्या भागात कंद मरतात ते बहुतेक तिच्यामुळं. ही माती पाणी धरून ठेवते. श्रावणात झड लागली की आठ-आठ दिवस चिखल सुटत नाही, जागा चिबड होते आणि कंद खालून मऊ पडतो. उन्हाळ्यात हीच माती भेगाळते आणि भेगेच्या तोंडाशी आलेली मुळं तुटतात. म्हणून कंद सपाट जमिनीत लावू नका. वीतभर उंचीचा गादीवाफा करा, मातीत नदीची रेती आणि मुरूम मिसळा, शेणखत घाला. न्हाणीचं किंवा मोरीचं पाणी ज्या कोपऱ्यात मुरतं तिथं कर्दळ खुशाल लावा. कर्दळीला ओल चालते, सोनटक्क्यालाही चालते. निशिगंध मात्र तिथं सडेल.

निशिगंध मूळचा मेक्सिकोतला. तिकडेही पाऊस उन्हाळ्याच्या सुमाराला सुरू होतो आणि हिवाळा कोरडा जातो, म्हणून आपल्या हवेशी त्याचं सहज जमलं. त्याची एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्या कंदानं एकदा फूल दिलं तो कंद पुन्हा फूल देत नाही. त्याच्या कुशीला आलेली पिल्लं मोठी होतात आणि ती फुलतात. आज जी पात उभी आहे ती या पिल्लांना वाढवते आहे. थंडी वाढली की वाढ मंदावते, पात टोकाकडून पिवळी पडत येते. त्या वेळी पाणी हळूहळू कमी करत न्यायचं, एकदम तोडायचं नाही.

दोन-तीन वर्षांनी गड्डा फार दाटतो, पिल्लांची एकमेकांत रेटारेटी होते, दांडे आखूड येतात. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये पात वाळल्यावर तो खणून काढायचा. कुदळ बुडाला भिडवू नका, वीतभर लांब रोवून खालून उचला. माती हातानं झाडा, कंद धुऊ नका. हातात घेतल्यावर तो गड्डा नीट पाहा: मध्ये जुन्या दांड्याचा वाळलेला बुंधा, आणि त्याला चिकटून लहानमोठी पिल्लं, प्रत्येकाच्या अंगावर तपकिरी, कागदासारखं साल. मोठी पिल्लं अलगद मोडून वेगळी होतात. दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचं भरलेलं पिल्लू त्याच वर्षी फुलतं. त्याहून लहान असेल तर एक वर्ष नुसतं वाढायला द्यावं लागतं, तीही जागा अंगणात राखून ठेवा. सावलीत पसरून सुकवा, महिना-दीड महिना विसावा द्या आणि एप्रिल-मे मध्ये लावा. लावण्याआधी लिटरभर पाण्यात ३ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून त्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवले तर सड कमी होते. हातमोजे घाला आणि ते भांडं पुन्हा घरात वापरू नका. पुढं साधारण ८० ते १०० दिवसांत दांडा दिसतो. नवे कंद घ्यायचे असतील तर एकेरी पाकळीचा घ्या, हाराला आणि वासाला तोच चांगला. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या 'शृंगार' आणि 'प्रज्वल', राहुरीच्या विद्यापीठाची 'फुले रजनी' या एकेरी जाती आहेत.

ग्लॅडिओलसची तऱ्हा वेगळी. त्याचा कंद चिरलात तर पापुद्रे दिसत नाहीत, आत भरीव गर. लागवड आता, दसऱ्याच्या सुमारास. फूल कापताना दांड्याबरोबर सगळी पानं ओढून घेऊ नका, झाडावर किमान चार-पाच पानं राहिली पाहिजेत. फुलानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पानं पिवळी पडली की खणा. जुना कंद सुरकुतून, चिपाडासारखा होऊन खाली लटकलेला आणि त्याच्या डोक्यावर नवा, टवटवीत कंद बसलेला दिसेल. बुडाशी बारीक बारीक पिल्लंही असतील. जुना कंद मोडून टाका, नवा सावलीत वाळवा. त्याची खरी परीक्षा आपल्या मे महिन्यात. व्यापारी तो शीतगृहात ४-५ अंशांवर ठेवतात. घरी थोडेच असतील तर कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, शेजारी फळं ठेवू नका.

फुटबॉल लिली खणायची गरज नाही. पावसाळाभर तिची पानं काम करतात, थंडीत आपली आपण बसतात. बसू द्या, वर पाणी घालू नका, जागा विसरू नये म्हणून एक काडी रोवा. पावसाळी लिलीला तर काहीच लागत नाही. कोरड पडल्यावर चांगली सर आली की ती उठते. कळलावी हा आपल्या रानातलाच वेल, कोकणात गौरीच्या सणात तिच्या फुलांना 'गौरीचे हात' म्हणतात. तिचा कंद दरवर्षी नवा होतो, दुबेळक्यासारखा वाकडा, आणि कोंब फक्त त्याच्या टोकाला असतो. खणताना टोक मोडलं की तो तुकडा उगवत नाही.

लिली आणि कळलावीच्या पानांवर पावसाळ्यात काळ्या अंगाच्या, पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांच्या अळ्या पडतात. सुरुवातीला त्या पानाच्या खालच्या बाजूला घोळक्यानं असतात, तेव्हाच पान उलटून त्या वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. चार दिवस दुर्लक्ष झालं तर त्या सगळी पात फस्त करतात. विळ्यानं केलं काय आणि अळीनं केलं काय, कंदाला सारखंच.

साठवणीबद्दल दोन गोष्टी. प्लॅस्टिकच्या पिशवीत कंद बांधून ठेवू नका, घाम सुटून बुरशी येते. बांबूची टोपली किंवा कोरड्या रेतीचं उथळ खोकं, हवेशीर आणि सावलीची जागा. आठवड्यातून एकदा हात फिरवा, एखादा मऊ लागला तर लगेच बाहेर काढा. ज्या खोलीत आंब्याची अढी घातली असेल तिथं मात्र ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो, आणि साठवणीतल्या ट्यूलिपच्या कंदातली कळी त्यानं मरते हे माहीत झालेलं आहे. आपल्या कंदांवर तो प्रयोग कशाला करायचा?

ट्यूलिपचं नाव निघालंच आहे म्हणून सांगते. मोबाइलवर चित्रं पाहून ते कंद मागवणारे आहेत. ट्यूलिपला फुलायला बारा-चौदा आठवडे कडाक्याची थंडी लागते. ती काश्मीरला मिळते, वाशिम जिल्ह्यात मिळत नाही. तेवढ्या पैशात निशिगंधाचे कितीतरी कंद येतील.

साठवणीची दुसरी गोष्ट जिवाची आहे. अमरिलिसचा कंद वाळल्यावर हुबेहूब कांद्यासारखा दिसतो आणि तो विषारी आहे. फुटबॉल लिलीचा विषारी, कळलावीचा तर अतिशय विषारी, थोडासा पोटात गेला तरी जीव जाऊ शकतो. प्रसूतीसाठी म्हणून कळलावी देण्याची जुनी समजूत अजून कुठं असेल तर ती सोडा, दवाखाना गाठा. हे कंद स्वयंपाकघरात, कांद्या-लसणाच्या टोपलीजवळ, मुलांच्या आणि शेळ्यांच्या वाटेवर कधीही ठेवू नका. टोपली उंचावर टांगा, तिच्यावर नावाची चिठ्ठी बांधा. शेजारणीला पिल्लं दिलीत तरी चिठ्ठीसकट द्या, आणि पात कधी कापायची हेही तिला सांगा.