लालसरी : नर दिसला, पण मादी मोजलीत का?

थंडी सुरू झाली की ब्रिटनमधल्या तळ्यांवर पाहुणी बदकं उतरू लागतात. हिरव्या डोक्याचा मॅलार्ड तर आपली मुलं लांबूनच ओळखतात. आज त्याच्या शेजारच्या एका बुडी मारणाऱ्या बदकाची ओळख करून घेऊ. इंग्रजीत त्याला कॉमन पोचर्ड म्हणतात, मराठीत लालसरी किंवा छोटी लालसरी.

नर ओळखायला तीन रंग लक्षात ठेवा : डोकं तांबूस, छाती काळी, पाठ फिकट राखाडी. डोळा लाल. विजन बदकाच्या नराचं डोकंही तांबूस असतं, पण त्याच्या कपाळावर पिवळसर पट्टा असतो आणि तो काठावर येऊन गवत चरतो. लालसरी सहसा तसं करत नाही. तिचे पाय शरीराच्या बरेच मागे असतात. बुडी मारायला ते उत्तम, चालायला मात्र गैरसोयीचे. उडतानाही फरक दिसतो. मॅलार्ड पाण्यावरून थेट वर उसळतो, तर लालसरीला आधी पाण्यावर थोडं धावावं लागतं. ती पुष्कळदा रात्री खाते आणि दिवसा डोकं पाठीवर ठेवून झोपते. त्यामुळे ती बुडी मारताना दिसली नाही, तरी घाईने दुसरं नाव देऊ नका.

आता मादी. ती तपकिरी-राखाडी असते. चोचीच्या बुडाशी फिकट डाग आणि डोळ्यामागे पुसट फिकट रेघ असते. शेंडी बदकाची मादीही तपकिरी असते, म्हणून इथे गोंधळ होतो. तेव्हा डोळा पाहा. शेंडी बदकाचा डोळा पिवळाधमक, लालसरीच्या मादीचा गडद. शिवाय लालसरीचं कपाळ चोचीपर्यंत उतरत येतं, शेंडी बदकाचं डोकं गोलसर असतं.

मादीवर एवढा भर का? हिवाळ्यात पुष्कळ माद्या नरांपेक्षा अधिक दक्षिणेला जातात, म्हणून ब्रिटनमधल्या थव्यांत नर जास्त दिसणं नवं नाही. काळजी वेगळीच आहे. युरोप आणि उत्तर आफ्रिकेत १९८९-९० च्या हिवाळ्यांत अशी मोजणी झाली होती, तेव्हा दर १० लालसरींमागे साधारण ६ नर होते. जानेवारी २०१६ मध्ये पुन्हा मोजलं, तर ७ भरले. अंडी मादी एकटी उबवते आणि तिचं घरटं पाण्याजवळ, जमिनीलगत असतं. कोल्हा किंवा मिंक आला, तर अंड्यांबरोबर तीही सापडते. माद्या कमी होण्याचं हे एक कारण असावं, असं अभ्यासक मानतात. एकूण संख्याही घटते आहे. २०१५ पासून ही जात जागतिक लाल यादीत 'असुरक्षित' गटात आहे.

म्हणजे थवा मोठा दिसला, म्हणून सगळं ठीक आहे असं नाही. पुढच्या वर्षीची पिल्लं माद्यांवर अवलंबून असतात, आणि आपल्या नजरेतून निसटतात त्याही माद्याच.

तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मुलांना घेऊन जवळच्या तळ्यावर जा. नुसतं 'लालसरी २०' लिहू नका. 'नर १४, माद्या ६' असं लिहा, सोबत तारीख आणि तळ्याचं नाव. ईबर्डवर नोंद करणार असाल, तर हे आकडे शेऱ्यात टाका. एका मुलाने नर मोजावेत, दुसऱ्याने माद्या, म्हणजे भांडणही नाही!

आणि गावी फोन कराल तेव्हा हाही विषय काढा. लालसरी हिवाळ्यात महाराष्ट्रातही येते, नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वरला आणि पैठणच्या जायकवाडीलाही. आजी-आजोबा त्या बाजूला राहत असतील, तर त्यांनाही सांगा : लाल डोकी मोजून झाली की शेजारच्या तपकिरी बदकांकडेही बघा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!