निखळलेले कोपर : चोळू नका



गाडीवरून पडताना हात टेकला, की कधी कधी कोपर निखळते. ते चोळून घेऊ नका. हात गळ्यात बांधून लगेच दवाखाना गाठा. सांधा नीट बसवला, की बहुतेकांचे फाटलेले अस्थिबंध आपोआप भरून येतात. मात्र हात तीन आठवड्यांहून जास्त बांधून ठेवला, तर कोपर आखडते.

पुढेही बाजेवर हात टेकून उठताना कोपर सटकते का? मग शस्त्रक्रिया लागू शकते. आपल्याच अंगातली कंडरा काढून तिचा नवा बंध करतात. नंतर पट्टा आणि डॉक्टर सांगतील तेवढाच व्यायाम. नांगर, पोती यांना साधारण सहा महिने हात लावू नका. पेरणी सावडीने उरकता येईल. हात गेला तर सगळेच हंगाम अडतील.