मातृभाषा आणि लेकरांचें आरोग्य
(ज्युबिलीनिमित्त पालक व शिक्षक यांच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल समयीं देवाचे आभार मानतांना आपण एका दुःखद गोष्टीचाही विचार करावा, अशी माझी विनंती आहे. ती दूरच्या कॅनडा देशांतील असली, तरी तिचा संबंध आपल्या पवित्र ख्रिस्तसभेशीं आहे.

त्या देशांत मूळ रहिवाशांच्या मुलांसाठीं सरकारनें निवासी शाळा काढल्या. त्यांतील पुष्कळ शाळा चालविण्याचें काम कॅथोलिक संस्थांनीं पत्करिलें. शंभराहून अधिक वर्षांत सुमारें १,५०,००० मुलें तेथें नेण्यांत आलीं. मातृभाषेंत बोलल्यास त्यांना शिक्षा होत असे. कित्येक मुलें घरीं परतलीं, तेव्हां आजीशीं बोलावयास त्यांच्यापाशीं शब्द उरले नव्हते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं २०२२ सालच्या जुलैंत आल्बर्टा प्रांतांतील मास्कवासिस येथें जाऊन त्या लोकांची क्षमा मागितली. त्या क्षमेपासून आपणही बोध घेतला पाहिजे.

भाषा ही केवळ शोभेची वस्तु नव्हे. ब्रिटिश कोलंबिया प्रांतांतील मूळ रहिवाशांविषयीं २००७ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या थोड्या वस्त्यांत निम्म्याहून अधिक लोकांस स्वभाषेंत संभाषण करतां येत होतें, तेथें तरुणांच्या आत्महत्यांचें प्रमाण जवळजवळ शून्य आढळलें. हें केवळ भाषेमुळेंच घडलें, असें मी म्हणत नाहीं; तथापि जो आपल्या वडीलधाऱ्यांशीं बोलूं शकतो, तो संकटसमयीं एकटा पडत नाहीं.

शिक्षकबंधूंनो, मुलांसाठीं अशा लोकांविषयीं पुस्तक निवडतांना कांहीं प्रश्न अवश्य विचारा. लिहिणारा त्या समाजांतील आहे काय? क्री, हैदा, इन्यूट हे निरनिराळे लोक, हें त्यांत स्पष्ट आहे काय? कथा सांगण्यास वडीलधाऱ्यांची संमति आहे काय? ते लोक आजही नांदत आहेत, हें मुलांस कळतें काय? फर्स्ट व्हॉइसेस नामक संग्रहांत हे समाज स्वतःच आपले शब्द व उच्चार नोंदवितात. असें साधन अधिक विश्वसनीय होय.

इंग्लंडांत जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनीं आपली भाषा आत्मसात् केली व १६१६ सालीं ख्रिस्तपुराण छापिलें. लोकांची भाषा शिकणें हीच ख्रिस्तसभेची खरी रीत आहे. ती भाषा हिरावून घेतली जाते, तेव्हां या मातेचें मातृत्व उणावतें.

म्हणून वर्गांत वारली मूल आपल्या बोलींत उत्तर देईल, तर त्यास कोणी हसूं नये. वसईच्या घरांत आजी कादोडी बोलेल, तर नातवंडांनीं तिला त्याच बोलींत उत्तर द्यावें. इंग्रजी अवश्य शिकावी; पण तिच्यापायीं घरची भाषा टाकूं नये. ज्युबिलीचा हा संकल्प सिद्धीस नेण्यास देव आपणांस कृपा देवो.