पाठांतर म्हणजे वाचन नव्हे
(प्राथमिक शिक्षक व पालक यांच्या मेळाव्यातील भाषण)



परवा एका शाळेत दुसरीतल्या मुलाने आम्हांस सबंध धडा घडाघडा वाचून दाखविला. आम्ही मधल्याच एका ओळीवर बोट ठेविले, तेव्हा तो गप्प झाला. त्याने धडा वाचला नव्हता, म्हटला होता! आज तो हुशार गणला जातो. चौथीत अनोळखी उतारा समोर आला की हाच मुलगा मठ्ठ ठरेल, आणि बाप त्याला मराठी शाळेतून काढील. यात दोष मुलाचा खासच नव्हे.

तिसरीअखेर मुलाला अर्थासह वाचता आले पाहिजे, असे २०२१ साली निपुण भारत अभियानाने ठरविले. ठरावाने मुले वाचू लागत नसतात.

आपली देवनागरी सरळ, म्हणून बाराखडी गाऊन घेतली की झाले, अशी आपली समजूत. पण 'कि'मधली वेलांटी डोळ्यांस आधी दिसते, कानांस मागाहून ऐकू येते. 'सूर्य'मधला रफार 'य'च्या डोक्यावर बसतो आणि उच्चार मात्र 'य'च्या आधी होतो. क, म, ळ सुटे म्हणताना प्रत्येकात अ असतो. 'कमळ' म्हणताना शेवटचा अ नाहीसा होतो. 'चहा'तला च निराळा, 'चाक'मधला निराळा, खूण एकच. त्यात आपल्या सीमाभागात शेजारी कानडी पाटी. वर्णमालेचा क्रम बहुतेक तोच, परंतु कानडीत शब्दाच्या शेवटचा अ स्पष्ट उच्चारतात आणि ए-ओ ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन. हे फरक मुलाच्या कानाला कोणी दाखवून देतो काय?

आधी कान, मग अक्षर, हाच क्रम असावा. ग, म, न, क आणि काना एवढ्या भांडवलावर मका, नाक, मान, काम, नाग हे शब्द मूल स्वतः जुळविते. सारी मुळाक्षरे संपेपर्यंत त्याला शब्दासाठी ताटकळत ठेवू नये. इंग्लंडात २०१२ पासून पहिल्या इयत्तेच्या मुलांची ध्वनिवाचनाची तपासणी होते. तीत अर्थहीन शब्दही असतात, कारण ते पाठ करता येत नाहीत. (आमच्या काही पुढाऱ्यांची भाषणे त्या कामी चालतील!) अर्थात ध्वनी जुळला म्हणजे अर्थ कळला असे नव्हे, गोष्टी आणि गप्पा हव्यातच.

पालकहो, आज घरी पाठ्यपुस्तक बाजूस ठेवा आणि मुलाला किराणा दुकानाची पाटी वाचावयास सांगा. अडखळले तर रागावू नका. कोठे अडखळले तेवढे टिपून सोमवारी गुरुजींच्या हाती द्या.