टांकसाळीतील श्रावक : ठक्कुर फेरू

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा संक्षिप्त भाग)



मंदिरबांधणीच्या संदर्भात ‘वास्तुसार’ या ग्रंथाचे नाव आपण ऐकले असेल. १३१५ साली तो रचणारे ठक्कुर फेरू हे श्रीमाळ जैन गृहस्थ दिल्लीच्या सुलतानांच्या सेवेत होते व तेथील टांकसाळीचे काम त्यांनी जवळून पाहिले होते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. त्या अनुभवावर त्यांनी १३१८ मध्ये ‘द्रव्यपरीक्षा’ लिहिली. तीही संस्कृतात नव्हे, प्राकृतात, आपला भाऊ व मुलगा यांच्यासाठी.

टांकसाळीत गुजरात, माळवा, देवगिरी अशा नाना मुलखांची नाणी येत. सोन्याचा कस दगडावर ओढून कळतो. फेरू शुद्ध सोने बारा वर्णांचे मानतात. चांदीत तांबे किती मिसळले आहे, हे नेमके सांगायचे तर मात्र अग्नीच लागतो. राखेच्या मुशीत चांदीबरोबर शिसे वितळवायचे आणि वारा घालीत राहायचे. तापलेल्या शिशाची हवेने मळी होते; ती तांब्यालाही आपल्याबरोबर ओढते आणि राखेत मुरते. चांदी मुरत नाही. अखेरीस मुशीत एक चकाकता थेंब उरतो. आधीच्या आणि नंतरच्या वजनातील फरक म्हणजे हीण. शिशातही किंचित चांदी असते. तिची वजावट विसरणारा पारखी फसलाच म्हणायचा!

असे ज्ञान कारागीर सहसा लिहून ठेवीत नाहीत. ते हाताबरोबर जाते. फेरूंची ‘द्रव्यपरीक्षा’ही चौदाव्या शतकातील एका हस्तलिखितामुळे वाचली. १९४६ साली अगरचंद व भंवरलाल नाहटा यांना ते कलकत्त्यात मिळाले आणि १९६१ मध्ये जोधपूरहून छापले गेले.

येथे एक कबुली द्यावीशी वाटते. आमच्या आजोबांची सराफी पेढी होती. आटणीचे, घटीचे हिशेब लिहिलेल्या त्यांच्या मोडी चोपड्या घर बदलताना मी स्वतः रद्दीत घातल्या. मोडी वाचता येत नव्हती, एवढेच कारण. आज घरात त्यांचा कसोटीचा दगड तेवढा आहे.

आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर अशा वह्या असतील, तर त्या टाकण्यापूर्वी एकदा मोडी जाणणाऱ्यास दाखवाव्यात, अशी विनंती करतो. जय जिनेंद्र.