निकाल कुणाचा, स्टेटस कुणाचं?



दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी, दुपारी एकच्या सुमाराला, आपल्याकडं घराघरांत एक गंमत होते. एरवी जिला सगळे ‘काकू’, ‘वहिनी’ नाहीतर ‘अमक्याची आई’ म्हणतात, त्या बाईचं खरं नाव त्या दिवशी मोबाईलवर टाइप होतं. बोर्डाच्या संकेतस्थळावर निकाल बघायचा म्हणजे दोनच गोष्टी लागतात, लेकराचा बैठक क्रमांक आणि आईचं नाव. त्याशिवाय निकाल उघडत नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लावायचं असं आपल्या सरकारनं ठरवलं, आणि ते चांगलंच झालं. पण निकालाची किल्ली म्हणून आईचं नाव त्याच्या आधीपासूनच वापरात आहे.

आता ही किल्ली कितपत पक्की? बैठक क्रमांक ओळीनं असतात. पोरीचा नंबर ठाऊक असला की तिच्या पुढच्या आणि मागच्या बाकावरच्या पोरींचे नंबर आपोआप कळतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी ‘ऑल द बेस्ट बाळा’ म्हणून हॉलतिकिटाचा फोटो स्टेटसला लावणारे मामा-काका असतातच, म्हणजे नंबर तिथंही मिळाला. राहिलं आईचं नाव. ते गल्लीला पाठ असतं. बचत गटाच्या वहीत असतं, भिशीच्या यादीत असतं. मग होतं असं की पोरीच्या हातात मोबाईल येईपर्यंत समोरच्या घरातून आवाज येतो, ‘अगं, तुला एवढेच कसे पडले?’ तिचा निकाल तिच्याआधी गल्लीनं बघितलेला असतो.

आज मला याच्यावरच बोलायचंय. मोबाईल चांगला की वाईट हा विषय इतक्यांदा झालाय की मुलंही आता त्यावर निबंध लिहायला कंटाळतात. माझा प्रश्न लहान आहे. दुसऱ्याचे गुण, दुसऱ्याचा फोटो, दुसऱ्याचा कागद पुढं पाठवताना त्या माणसाला विचारायचं असतं का? आणि तो माणूस प्रसिद्ध असला तर विचारायची गरज संपते का?

सगळ्यांना आठवेल असं एक उदाहरण घेऊ. २९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ आला आणि अकलूजची रिंकू राजगुरू एका आठवड्यात घराघरांत आर्ची झाली. चित्रपट यायच्या आधीच राष्ट्रीय पुरस्कारांत तिच्या कामाची विशेष दखल घेतली गेली होती. त्यानंतर तिला बघायला एवढी गर्दी व्हायला लागली की नेहमीच्या विद्यार्थिनीसारखं शाळेत जाऊन बसणं तिला जमेना. दहावीची परीक्षा तिनं बाहेरून, खासगी विद्यार्थिनी म्हणून दिली. १३ जून २०१७ ला निकाल लागला. तेव्हा ती सोळा वर्षांची होती.

त्या दुपारी तिचे गुण महाराष्ट्रभर फिरले. बातम्यांत टक्के आले, विषयवार गुण आले. कोणत्या विषयात कच्ची निघाली त्यावर विनोद झाले, तिच्या चित्रपटातल्या इंग्रजी संवादाला जोडून चित्रं तयार झाली, आणि ती चित्रं आपल्यासारख्या बायकांनीच हसत हसत आपापल्या ग्रुपवर टाकली. किती टक्के पडले होते, तो आकडा मी इथं सांगणार नाही. तुमच्यातल्या कित्येकींना तो आत्ता, इतक्या वर्षांनीही आठवला असेल. आपल्या सख्ख्या पुतणीचे दहावीचे गुण आठवतात का, ते बघा बरं.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं. ‘ती हिरॉईन आहे, तिला काय त्याचं! प्रसिद्धी पाहिजे तर हेही सोसावंच लागतं.’ मला हे उत्तर कधी पटलं नाही. तिनं पडद्यावर जे काम केलं ते आपण तिकीट काढून बघितलं. ते आवडलं म्हणायचा हक्क आपल्याला आहे, न आवडलं म्हणायचाही आहे. ती स्वतःच्या हातानं जो फोटो टाकते तो तिनं आपल्याला दाखवायलाच टाकलेला असतो. पण गणिताचा पेपर तिनं प्रेक्षकांसाठी सोडवला नव्हता. सोळा वर्षांच्या मुलीची गुणपत्रिका तिची, तिच्या आईवडिलांची आणि फार तर तिच्या शिक्षकांची. चित्रपटाच्या तिकिटात ती येत नाही.

आणि हे बोलायला लातूरसारखी दुसरी जागा नाही. आपण टक्क्यांच्या गावात राहतो. ‘लातूर पॅटर्न’ म्हणून ज्याचं नाव राज्यभर झालं, त्यानं खेड्यापाड्यातल्या कितीतरी लेकरांना डॉक्टर-इंजिनिअर केलं, हे कुणी नाकारू नये. २०२५ च्या दहावीत राज्यात २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के पडले, त्यातले ११३ एकट्या लातूर विभागातले, म्हणजे लातूर, नांदेड आणि धाराशिव या तीन जिल्ह्यांतले. बाकी सगळ्या महाराष्ट्रात मिळून ९८. (हे शंभर म्हणजे सहापैकी सर्वांत चांगल्या पाच विषयांचे, अधिक खेळ-कलेचे सवलतीचे गुण. पण एवढा खुलासा बॅनरवर मावत नाही.) अशा गावात पंच्याहत्तर टक्के घेऊन आलेली पोरगी चपला काढताना खाली मान घालते. साठ घेतलेली तर मावशीकडं जायचंच टाळते.

बोर्डानं गुणवत्ता यादी लावणं कधीच बंद केलं. लेकरांवरचा ताण आणि जीवघेणी चढाओढ कमी व्हावी, हा त्यातला हेतू. बोर्डानं यादी बंद केली आणि आपण ती घरोघरी सुरू केली. ट्यूशन एरियात चक्कर मारली तर मान वर करून बघावं लागतं, एवढे फोटो. त्याहून मला खटकतात त्या सराव परीक्षांच्या याद्या. बऱ्याच क्लासेसच्या पालक ग्रुपवर दर आठवड्याला पीडीएफ येते. पूर्ण नाव, भौतिकशास्त्र-रसायन-जीवशास्त्राचे वेगवेगळे गुण, क्रमांक, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. पहिल्या दहा जणांचं कौतुक समजू शकते मी. पण चारशेबाराव्या क्रमांकावरच्या लेकराचं नाव चारशे घरांत पाठवून काय साधतं? ती यादी ग्रुपवरून पुढं कुठं जाते, कुणाच्या मोबाईलात किती वर्षं राहते, हे पाठवणाऱ्या सरांनाही सांगता यायचं नाही.

गुण ही घरात किती जड गोष्ट आहे हे आपल्याला ठाऊक आहे. २०२५ च्या जूनमध्ये सांगली जिल्ह्यात नीटच्या सराव परीक्षेत कमी गुण पडले म्हणून बापानं मारलं आणि बारावीतली मुलगी गेली. त्या घटनेचा स्टेटसशी किंवा ग्रुपशी संबंध जोडायचा नाही मला. पण सराव परीक्षेच्या, नुसत्या सरावाच्या, आकड्याचं घरात काय होऊ शकतं ते माहीत असताना तोच आकडा आपण चार लोकांत सहज टाकतो, म्हणून सांगितलं.

बरं, भरपूर गुण पडले म्हणजे सुटका होते असंही नाही. २०२४ च्या एप्रिलात उत्तर प्रदेशात दहावीला एक मुलगी राज्यात पहिली आली, ६०० पैकी ५९१. तिचा फोटो सगळीकडं गेला, आणि लोकांना त्या फोटोत तिच्या ओठांवरची लव दिसली. पुढचे कित्येक दिवस देशभर त्यावरच चर्चा. दाढीचं सामान विकणाऱ्या एका कंपनीनं तिच्या नावानं जाहिरात करून घेतली, वर आव धीर देण्याचा! ती मुलगी नंतर म्हणाली की दोन गुण कमी पडले असते तर बरं झालं असतं, एवढं नाव तरी झालं नसतं. पहिल्या आलेल्या मुलीला असं म्हणावंसं वाटलं.

रिंकूचा निकाल लागला त्याच वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. अठराच्या आतल्या मुलांची माहिती संस्थेनं किंवा कंपनीनं वापरायची तर पालकांची संमती लागते, असं त्यात आहे. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले. क्लासवाले उद्या म्हणतील, प्रवेशाच्या अर्जावर तुमची सही आहे की. म्हणून सही करायच्या आधी ते बारीक अक्षर वाचा. फोटो आणि गुण जाहीर करायला आपण हो म्हणतोय का, ते बघा. आणि आणखी एक: माणूस आपल्या घरगुती कामासाठी जे करतो त्याला हा कायदा लागू नाही. म्हणजे आईनं लावलेलं स्टेटस, मामानं टाकलेला स्क्रीनशॉट, तिथं कोणी अधिकारी येणार नाही. ते आपल्यावरच सोडलंय.

तुम्ही म्हणाल, मग काय आनंदही करायचा नाही? करा की! माझ्या ओळखीत एक बाई आहेत, दुसऱ्याच्या शेतात रोजानं जातात. त्यांच्या थोरलीला दहावीला चांगले गुण पडले तेव्हा गावच्या पारावर तिचा बॅनर लागला. त्या घराण्यातल्या कुठल्याही बाईचा फोटो त्याआधी गावात कधी लागला नव्हता. त्या बॅनरला मी नावं ठेवणार नाही, पोरगीही खूश होती. दोन वर्षांनी धाकटीचा निकाल आला तेव्हा आईनं हौसेनं पूर्ण गुणपत्रिकाच स्टेटसला लावली. विज्ञानाचे गुण बेताचे होते. संध्याकाळपर्यंत भावकीतल्या सात जणांनी विज्ञानाचंच विचारलं. पोरगी म्हणाली, ‘आई, पेढ्याचा फोटो लावायचा होतास.’ मला तिचं म्हणणं फार आवडलं. पेढ्याचा फोटो लावला की आनंद कळतो, विज्ञान कळत नाही.

गुणपत्रिकेच्या फोटोत आणखीही बरंच असतं, हे लक्षात येत नाही. पूर्ण नाव, आईचं नाव, बैठक क्रमांक, शाळेचा क्रमांक. प्रवेशाच्या नावाखाली फसवे फोन करणाऱ्याला एवढं भांडवल पुरतं. ‘तुमच्या मुलीचा अमुक नंबर ना, शिष्यवृत्ती मंजूर झालीय, ओटीपी सांगा,’ म्हटलं की नंबर बरोबर निघाल्यावर आपला विश्वास बसतो. असं कुणी फसलंच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. सायबर फसवणुकीसाठीचा तो देशभराचा नंबर आहे.

आणि नापासांचं. त्यांच्यासाठी दोन महिन्यांत पुरवणी परीक्षा असते. गुण कमी वाटले तर पडताळणी करता येते, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, कधी कधी गुण वाढतातही. म्हणजे निकालाच्या दुपारचा आकडा शेवटचा असेलच असं नाही. पण स्क्रीनशॉट काही बदलत नाही. लेकरू जुलैत पास होतं, ग्रुपवर मात्र ते मे महिन्यातलं नापासच राहतं.

क्लासच्या सरांना सांगायचं कसं, असं परवा एकीनं विचारलं. भांडायला जायचं कारण नाही. ‘सर, यादीत नावाऐवजी रोल नंबर टाका, नाहीतर ज्याचे गुण त्याला पाठवा,’ एवढंच चार-पाच पालकांनी मिळून म्हणायचं. एकटीनं म्हटलं की ‘तुमच्या मुलीला कमी पडले वाटतं’ असं होतं. ज्यांच्या लेकरांना भरपूर पडतात त्या आयांनी पुढं होऊन बोलावं. त्यांना तसं कुणी म्हणू शकत नाही.

राहिले निकालाच्या दिवशी येणारे फोन. ‘किती पडले?’ ते थांबणार नाहीत, आणि थांबवायचेही कशाला, माणसं मायेनंही करतात. आपण आकडा सांगायचा नाही. ‘थांबा, तिच्याकडंच देते फोन,’ म्हणायचं. बरेच जण तेवढ्यात ‘राहू द्या, नंतर करतो’ म्हणून ठेवून देतात. ज्यांना तिच्याशी खरंच बोलायचं असतं ते थांबतात, आणि मग काय सांगायचं ते तीच सांगते.